पायाच्या अंगठ्याखालचे दोन तीळ

बालमित्रांनो, जरा चवड्यांवर उभे राहा बरं! टाचा वर उचला. सगळा भार कुठे आला? अंगठ्याच्या मुळाशी, तळपायाच्या फुगीर भागावर. हो ना? लंगडी घालताना, खो-खोत उठून पळताना हाच भाग जमीन मागे रेटत असतो.

त्या जागी आत दोन चिमुकली हाडं शेजारी शेजारी असतात. त्यांना म्हणतात सेसमॉइड, म्हणजे तिळासारखी. असतात मात्र मोठ्या वाटाण्याएवढी! मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं, असं तुम्ही पुस्तकात वाचता ना? त्या मोजणीत या बिचाऱ्यांना धरतच नाहीत.

पण काम पाहा. अंगठा खाली दाबणाऱ्या स्नायूच्या दोरीत, म्हणजे कंडरेत, ती बसवलेली असतात. विहिरीवर कप्पी असली की पोहरा ओढणं सोपं जातं, तशीच ही हाडं कंडरेचं काम सोपं करतात. शिवाय धावताना, उडी मारताना पडणारा भारही झेलतात.

हाड म्हणजे काही कोरडा खडू नव्हे! ते जिवंत असतं. त्याला अन्न आणि प्राणवायू रक्तातूनच मिळतो. तळपायातल्या धमन्यांचे अगदी बारीक फाटे या हाडांत शिरतात, ते मुख्यतः टाचेकडच्या बाजूने आणि खालून. बोटांकडच्या टोकाला मात्र रक्त कमीच पोचतं. कालव्याच्या शेवटच्या शेतासारखी त्या टोकाची गत!

म्हणून काय होतं? हाडाला चीर पडली तर ती भरून काढायलाही रक्तच लागतं. ते कमी, म्हणून ही हाडं सावकाश भरतात. क्वचित रक्त पोचणंच थांबतं आणि हाडाचा तो भाग मरतो. धावणाऱ्या आणि नाच करणाऱ्या मुलामुलींच्या पायांवर तोच ताण पुन्हा पुन्हा येतो, त्यांनी तर जास्त जपायला हवं.

तेव्हा स्पर्धा जवळ आली म्हणून दुखणं लपवू नका. अंगठ्याखाली दुखतंय, चवड्यावर भार देववत नाही, असं झालं तर खेळ थांबवा आणि घरी सांगा. पालकांनो, 'एवढ्याशा दुखण्याचं काय कौतुक!' असं म्हणू नका. दोन-चार दिवस विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं किंवा सूज आली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हो, काही जणांचं हे हाड मुळातच दोन तुकड्यांचं असतं. एक्स-रे पाहून 'हाड मोडलं' असं आपणच ठरवू नये.

शर्यत पुढच्या वर्षीही असते, मुलांनो. पण तिथे पळायचं तर याच पायांनी ना? मग त्यांची हाक ऐकाल ना?