जुना डेस्कटॉप सुरू होत नाही? भंगारात देण्याआधी हे बघा

जयपूरहून टोंक रस्त्याला लागलं की चाकसू येतं. उन्हाळ्यातल्या आंधीनंतर इकडे बंद खोलीतही बारीक धूळ साचते आणि जुन्या डेस्कटॉपच्या पोटात तर हमखास.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? माझा पहिला संशय रॅमवर. प्लग काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या पुसा, स्लॉट कोरड्या ब्रशनं झाडा आणि दोन्ही क्लिप बसेपर्यंत रॅम परत दाबा. दोन असतील तर एकेक लावून पाहा.

पंखाही हलत नसेल तर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तपासा. मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर सोडवून त्यातली हिरवी वायर काळीला जोडली की चांगला एसएमपीएस सुरू होतो. मल्टिमीटरवर पिवळीला ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज असते!

२००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांचा खास रोग म्हणजे प्रोसेसरशेजारचे फुगलेले कपॅसिटर. तेवढ्याच क्षमतेचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचे नवे, डाग देणाऱ्या जाणत्याकडून बसवून घ्या.

तारीख सारखी मागे जाते? सीआर २०३२ सेल बदला, ३ व्होल्टचा. सेल संपला की काही बोर्ड एफ१ दाबेपर्यंत पुढेच सरकत नाहीत.