झाकणाआधी आणि झाकणानंतर

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या बऱ्याच मराठी घरांतली एक तरी व्यक्ती अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. तिकडून येणाऱ्या सामानात हल्ली चॉकलेटं आणि बदामांबरोबर विजेचा प्रेशर कुकरही असतो, आणि त्याच्या जोडीला एक पाककृती येते: बीफ स्ट्यू. मांसाचे मोठे तुकडे, बटाटा, गाजर, कांदा आणि चमच्याला चिकटेल असा दाटसर रस्सा. गारठ्याच्या देशातलं, एका वाडग्यात पोट भरणारं हे जेवण आहे. गुजरातेत कायद्याने गोवंश हत्येला बंदी आहे, त्यामुळे इथे तो स्ट्यू बोकडाच्या मटणाचाच होतो. तो तसा करायला घेतला की लक्षात येतं, हा पदार्थ आपल्याला परका नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं अळणी मटण आणि त्याचं पाणी मराठा आणि सीकेपी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतंच आहे. लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच दिलं जातं. त्यात बटाटा-गाजर पडलं आणि रस्सा थोडा आटवला की स्ट्यू तयार.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे भांडं उत्तम आहे, पण ते स्वयंपाकाचा फक्त मधला भाग करतं. झाकण लावण्याआधीचं परतणं आणि झाकण उघडल्यानंतरचं आटवणं आपल्याच हातात असतं, आणि चव ठरते ती तिथे. यंत्र नवं म्हणून ही दोन कामं टाळली, तर मटण मऊ होईल पण बेचव राहील.

हाडं मऊ करणारं भांडं

बंद भांड्यात वाफ कोंडून शिजवण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांची आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये असं भांडं बनवलं. झाकण घट्ट आवळलेलं, आणि वाफेचा जोर हाताबाहेर जाऊ नये म्हणून वर वजन ठेवलेली झडप. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची वंशज. १६८२च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजवलेलं रात्रीचं जेवण घेतलं. जॉन एव्हलिन या सभासदाने रोजनिशीत त्याची नोंद केली आहे: गुरांची कडक हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती, आणि कोळसाही अगदी थोडा लागला होता. पापँला हेच दाखवायचं होतं. जी हाडं आणि जे चिवट तुकडे गरीब माणूस फेकून देतो, त्यांतून कमी सरपणात पौष्टिक अन्न निघू शकतं.

आपल्याकडे १९१० साली इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे आणि खाली कोळशाची शेगडी असलेला तो वाफेचा कुकर होता. पुढे १९५९ साली हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि शिट्टीचा कुकर हळूहळू घरोघर गेला. विजेचा कुकर त्यानंतरचा. चीनमध्ये १९९१ साली त्याचं पेटंट नोंदलं गेलं. इन्स्टंट पॉट हा त्यातला सर्वांत गाजलेला कुकर २०१०मध्ये कॅनडातून बाजारात आला, आणि अमेरिकेतल्या भारतीय स्वयंपाकघरांत तो वरण-भातापासून मटणापर्यंत सगळ्यासाठी वापरला जाऊ लागला.

आत काय घडतं

बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटर उंचावर आहे, म्हणून इथे पाणी शंभर अंशांना उकळतं. महाबळेश्वरला ते पंच्याण्णवच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथे डाळीला जास्त वेळ लागतो. भांडं बंद करून वाफ कोंडली की उलट होतं. दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर जातो. गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत पोहोचतं. विजेच्या बहुतेक कुकरांमध्ये दाब थोडा कमी असतो, म्हणून तापमान ११५ ते ११८ अंशांच्या आसपास राहतं. गॅसवर वीस मिनिटं लागणाऱ्या मटणाला विजेच्या कुकरमध्ये पाच-सात मिनिटं जास्त द्यावी लागतात, ती याच फरकामुळे.

मटण चिवट असतं ते त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा यांत ते भरलेलं असतं. जनावर जितकं हिंडलं-फिरलं असेल, तितकं पाय, खांदा, मान यांत ते जास्त. सत्तर अंशांच्या वर ओलसर उष्णता मिळाली की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं, आणि तापमान चढलं की हे काम झपाट्याने होतं. उघड्या पातेल्यात अडीच-तीन तास लागणारी गोष्ट कोंडलेल्या वाफेत अर्ध्या-पाऊण तासात होते ती यामुळे. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी जेलीसारखा थरथरला, की समजावं कोलॅजन नीट विरघळलं आहे. रश्श्याला येणारा अंगचा दाटपणा आणि ओठांना जाणवणारा चिकटपणा त्याचाच.

म्हणून स्ट्यूसाठी मांडीचं बिनहाडाचं मऊ मटण घेऊ नये. ते दाबाखाली कोरडं पडतं, त्याचे धागे सुटतात. खाटकाकडे खांदा, मान आणि नळी मागावी, आणि तुकडे मोठे, दीड-दोन इंचांचे करून घ्यावेत. परदेशातून आलेल्या पाककृतीत बीफच्या खांद्याच्या तुकड्यांना पस्तीस मिनिटं सांगितलेली असतात. कोवळ्या बोकडाला पंचवीस ते तीस पुरतात, जून असेल तर चाळीस द्यावी लागतात.

झाकणाआधी

मटणाला खमंग वास आणि तपकिरी रंग येतो तो मैलार्ड प्रक्रियेने. लुई-कामीय मैलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं पहिलं वर्णन केलं. प्रथिनांचे घटक आणि शर्करा कोरड्या, कडक उष्णतेत एकत्र येऊन शेकडो नवे सुगंध तयार होतात. ही प्रक्रिया जोमाने होते ती १४० अंशांच्या वर, आणि वाफेच्या भांड्यात तापमान एवढं चढतच नाही. त्यामुळे कच्चं मटण, पाणी आणि मसाला एकदम घालून झाकण लावलं, तर ते शिजेल, पण खमंग होणार नाही.

एक किलो मटणाला हळद, मीठ आणि दोन चमचे आलं-लसणाचं वाटण लावून अर्धा तास ठेवावं. कुकर परतण्याच्या बटणावर चांगला तापू द्यावा, तेल घालावं आणि मटण तीन-चार हप्त्यांत परतावं. सगळं एकदम टाकलं तर त्याला पाणी सुटतं आणि ते परतलं न जाता उकडतं. प्रत्येक तुकडा तळाला टेकू द्यावा, लगेच हलवू नये. दोन-तीन मिनिटांनी तो आपोआप सुटतो आणि खालची बाजू खरपूस झालेली दिसते. मटण बाजूला काढून त्याच तेलात तमालपत्र, दहा-बारा मिरी, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा आणि तीन मोठे कांदे चिरून घालावेत. कांदा गुलाबी झाला की दोन टोमॅटो.

आता सर्वांत महत्त्वाचं. थोडं गरम पाणी घालून उलथन्याने तळ खरवडावा. तळाला चिकटलेला तपकिरी थर म्हणजे सगळी चव, आणि यंत्राच्या दृष्टीने तोच धोकाही. विजेच्या कुकरच्या तळाशी तापमान मोजणारा संवेदक असतो. काही चिकटलेलं असलं की तळ अवाजवी तापतो, यंत्र करपल्याची सूचना देतं आणि काम थांबवतं. तळ स्वच्छ सुटला की मटण परत घालावं आणि खरवडायला घातलेलं धरून सगळं मिळून साधारण चारशे मिलिलिटर पाणी असावं. उघड्या पातेल्यात वाफ उडून जाते म्हणून पाणी जास्त घालायची सवय असते. इथे वाफ आतच राहते आणि मटणालाही स्वतःचं पाणी सुटतं. गॅसवरच्या मापाने पाणी घातलं तर स्ट्यूऐवजी पातळ सार हाती येतं. पीठ, खोबऱ्याचं वाटण, दूध यांतलं काहीही या टप्प्यावर घालू नये, ते तळाला बसतं.

शिट्ट्यांचा हिशेब मिनिटांत

आपल्याकडे स्वयंपाक शिट्ट्यांत मोजला जातो. पण शिट्टी म्हणजे ठरावीक वेळ नाही. आच मोठी असेल तर दोन मिनिटांत तीन होतात, मंद असेल तर दहा मिनिटांत एक. भांडं किती भरलंय, झडप किती जुनी आहे, यावरही ते अवलंबून असतं. विजेचा कुकर शिट्टी वाजवत नाही. दाब वाढला की त्याचा लवचीक तळ किंचित खाली दबतो, त्याखालचा खटका वीज तोडतो आणि दाब उतरला की पुन्हा जोडतो. मिनिटं मोजायला सुरुवात होते ती पूर्ण दाब आल्यावर. म्हणून पडद्यावर तीस मिनिटं लावली तरी त्याआधी दाब यायला दहा-पंधरा मिनिटं आणि नंतर उतरायला वीस मिनिटं जातात. परतण्यापासून पानावर वाढेपर्यंत दीड तास धरावा. आपला वेळ वाचतो तो त्यातल्या मधल्या तासात, कारण तेव्हा कुणाला ओट्याजवळ उभं राहावं लागत नाही.

वेळ संपल्यावर वाफ लगेच सोडू नये. दाब एकदम उतरला की आतला रस्सा खळखळून उकळतो, मटणातलं पाणी बाहेर पडतं आणि तुकडे कोरडे होतात. पंधरा-वीस मिनिटं आपोआप निवू द्यावं. कारेलीबागेत याचा आणखी एक फायदा आहे. इथल्या सोसायट्यांत शेजारी बहुतेक गुजराती, त्यांत जैन आणि वैष्णव घरं पुष्कळ. शिजताना वाफ बाहेर पडत नाही आणि सावकाश निवू दिलं की मसाल्याचा भपकाराही जिन्यात जात नाही. शेजाऱ्याच्या मनाला जपणं हा इथल्या मराठी माणसाच्या राहणीचा भाग आहे आणि हे भांडं त्याला मदत करतं.

झाकणानंतर

बटाटा आणि गाजर मटणाबरोबर अर्धा तास ठेवले तर त्यांचा लगदा होतो. म्हणून झाकण उघडल्यावर तीन बटाटे आणि तीन गाजरं मोठ्या फोडी करून घालावीत आणि पुन्हा चार मिनिटं दाबावर शिजवावीत. मग झाकण काढून परतण्याच्या बटणावर रस्सा पाच-सात मिनिटं आटवावा. इंग्रजी पद्धतीत इथे मैदा लावतात. आपल्याकडे एक मोठा चमचा ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून लावलं तरी छान अंग येतं. तिखट हवं असेल तर भाजलेला कांदा आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण याच वेळी घालावं. शेवटी मीठ चाखून लिंबू पिळावं.

हिवाळ्यात बडोद्याच्या बाजारात पातीसकट कोवळी हिरवी लसूण येते, तीच जी उंधियूत घालतात. ती बारीक चिरून गरम स्ट्यूवर पेरली की हा परदेशी पदार्थ अस्सल बडोद्याचा होतो. सोबत बाजरीचा रोटला किंवा ज्वारीची भाकरी कुस्करावी, पावाची आठवणही होणार नाही. मटण न खाणाऱ्यांनी हाच क्रम सुरण, कंद आणि हिरव्या तुरीच्या दाण्यांना लावावा. दाबावरची वेळ पाच-सहा मिनिटांवर आणावी, बाकी परतणं आणि आटवणं तेच.

काही खबरदाऱ्या

अमेरिकेतून आणलेला कुकर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. फक्त पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर लावून तो जोडला तर जळतो. व्होल्ट उतरवणारा दीड-दोन हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जडही असतो आणि महागही. त्यापेक्षा इथेच २३० व्होल्टचा घेणं शहाणपणाचं.

झाकणाची सिलिकॉनची रिंग मटणाचा वास धरून ठेवते. दोन रिंगा ठेवाव्यात, एक मटणाची आणि एक खिरीची. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. उशिरा सुरू होण्याची सोय कच्च्या मटणासाठी वापरू नये. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाच ते साठ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास पडलेल्या मटणात जंतू वाढतात.

हे भांडं कुणासाठी

बडोद्यात स्वयंपाकाकडे शास्त्र म्हणून पाहण्याची परंपरा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्याच काळात तिथे गृहविज्ञान शाखा उभी राहिली आणि अन्न व पोषण हा विषय मुली विद्यापीठात शिकू लागल्या. याच गावात महापालिकेने १९७२ साली नळाने नैसर्गिक वायू घरोघर द्यायला सुरुवात केली. गॅस सहज मिळणाऱ्या गावात विजेचा कुकर कशाला, असं कुणी विचारेल.

उत्तर कारेलीबागेतल्या वयस्क घरांत आहे. मुलं परदेशी, घरात सत्तरीपुढचे दोघे किंवा एकटंच कुणीतरी. गॅस पेटवून दोन तास उभं राहणं झेपत नाही, शिट्ट्या मोजताना विसर पडतो, चिवट मटण कवळीला चावत नाही. हा कुकर वेळ झाली की स्वतः बंद होतो, मटण बोटाने तुटेल इतकं मऊ करतो आणि ज्या माणसाने दातांमुळे मटण सोडलं, त्याला ते पुन्हा खाता येतं. पापँने गरिबांच्या हाडांसाठी जे केलं, ते आज म्हाताऱ्यांच्या दातांसाठी होतं आहे. मुलांनी सुट्टीत घरी येताना नुसतं भांडं आणून ठेवू नये. दोन दिवस आई-वडिलांबरोबर ओट्याशी उभं राहून परतणं, खरवडणं आणि वाफ उतरेपर्यंत थांबणं एकत्र करावं, बटणांवर मराठीत चिठ्ठ्या लावाव्यात आणि पहिला स्ट्यू त्यांच्याच हातून करून घ्यावा. तेवढं केलं तर ते भांडं माळ्यावर जाणार नाही, रोज ओट्यावरच राहील.