वाचनातली अडचण दुसरीतच ओळखा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड होता. आज इथली बहुतेक मुले शाळेत जातात, पण त्यातली सगळीच वाचायला शिकतात असे नाही. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणतो, तेव्हा पाठ केलेले मूलही वाचणाऱ्यासारखेच भासते. म्हणून अडचण उशिरा कळते.

बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते. वाचनासाठी मात्र दिसणारी खूण आणि ऐकलेला ध्वनी यांची सांगड मेंदूला मुद्दाम घालावी लागते. मराठीत ती बरीच नियमबद्ध असली, तरी शिकायच्या खुणा शेकडो आहेत. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते नंतर, ‘सूर्य’मधल्या रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे पहिलीतले मूल जोडाक्षरांवर अडखळले किंवा त्याने एखादे अक्षर उलटे काढले, तर घाबरू नये.

लक्ष द्यायचे ते वेगळ्या खुणांकडे. इतरांइतका सराव होऊनही दुसरीत अक्षरे विसरणे, यमक न ओळखणे, ‘कमळ’मधला ‘क’ काढल्यावर काय उरते ते न सांगता येणे, ओळखीच्या चित्रांची नावे भरभर न आठवणे.

तपासणी अवघड नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५पासून प्रत्येक मुलाला एकट्याने अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतले काय वाचता येते ते पाहतात. काही मिनिटांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते समजते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची चाचणी मराठीतही तयार केली असून, शिक्षकांसाठी तिचे प्राथमिक चाळणीचे साधन आहे.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. आधी डोळे आणि कान तपासावेत, घरची भाषा वेगळी आहे का ते पाहावे, मग ध्वनींचे खेळ आणि अक्षरांचा रोज थोडा सराव द्यावा. तरीही प्रगती नसेल, तर तज्ज्ञांकडे जावे. डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. अशी मुले ‘ढ’ नसतात.

गुरुजनांनो, पालकांनो, या आठवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून न शिकवलेला मजकूर वाचायला द्या आणि शांतपणे ऐका. मदत दुसरीत मिळाली, तर पुढची वाट खूप सोपी होते.