सिएटलची नॅन्सी, होळकरांची शर्मिष्ठादेवी

इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी 1928 मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी लग्न केले. त्याआधी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर व्यापारी बावला यांचा खून झाला होता. त्या प्रकरणात इंदूर दरबाराकडे बोट दाखवले गेले आणि 1926 मध्ये तुकोजीरावांनी गादी मुलगा यशवंतराव यांच्याकडे सोपवली. त्यामुळे नॅन्सीला राजपद मिळणार नव्हते.

तरीही या लग्नाला मोठा विरोध झाला. वाट धर्मांतरातून निघाली. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने तिला हिंदू धर्मात घेतले गेले आणि तिचे नाव शर्मिष्ठादेवी झाले. होळकर धनगर, म्हणून तिला त्याच समाजातल्या कुटुंबात दत्तक देण्यात आले. मग मार्चमध्ये नर्मदेकाठच्या बडवाह येथे लग्न लागले. त्या काळाच्या मानाने हे पाऊल धाडसाचेच होते.

अशाच प्रकारे नवा धर्म, नवे नाव घेऊन राजघराण्यात गेलेली जर्मन राजकन्या सोफी 1762 मध्ये पती तिसऱ्या पीटरला पदच्युत करून रशियाची सम्राज्ञी कॅथरीन झाली. शर्मिष्ठादेवींच्या वाट्याला सत्ता आली नाही. त्यांनी चार मुलींचा संसार केला. पुढे यशवंतरावांनीही अमेरिकन स्त्रियांशी लग्ने केली, पण 1961 मध्ये त्यांच्या निधनानंतर वारसा अमेरिकन राणीच्या मुलाकडे, रिचर्डकडे, गेला नाही. तो पहिल्या, भारतीय राणीची मुलगी उषाराजे यांना मिळाला.