पद्मिनीची ठिणगी आणि अंशांचा हिशेब

मुंबईच्या कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, मुंबईकर अजूनही सरसकट ‘फियाट’ म्हणतात ती गाडी तयार होत असे. फियाट 1100 डी या मूळ इटालियन गाडीचे उत्पादन येथे 1964 मध्ये सुरू झाले, 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि तिची अखेरची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या खासगी गाड्या, आणि त्यांच्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज ज्या गोष्टीविषयी आढळतात ती म्हणजे इंजिनाचे टायमिंग, अर्थात ठिणगी पडण्याची वेळ.

सिलिंडरमध्ये दाबले गेलेले पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताक्षणी एकदम भडकत नाही. ज्वाला पसरायला सेकंदाचे एक-दोन हजारांश जातात, आणि तेवढ्यात क्रँकशाफ्ट पुढे फिरलेला असतो. मिनिटाला 800 फेऱ्यांवर एका हजारांशात तो सुमारे 5 अंश फिरतो, तर 4000 फेऱ्यांवर तब्बल 24 अंश. म्हणूनच पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. या आघाडीलाच ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. वेग वाढेल तशी ती वाढवण्याचे काम, सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातील स्प्रिंगने बांधलेली दोन वजने करतात, त्यामुळे मेकॅनिक हाताने ठरवतो तो फक्त आरंभीचा अंश.

अॅडव्हान्स गरजेपेक्षा जास्त झाला तर वर येणाऱ्या पिस्टनला स्फोटाचा दाब विरोध करतो, इंजिन खडखडते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘नॉकिंग’ करते, आणि ही खडखड दुर्लक्षिली तर पिस्टनला भोकही पडते. कमी झाला तर गाडी मरगळते, पिकअप जातो, उष्णता सायलेन्सरकडे धावते आणि इंजिन तापते. मुंबईच्या कोंडीत रेडिएटर उकळला की दोष पंख्याला दिला जातो, पण अनेकदा तो टायमिंगचा असतो.

जुळवणीचा क्रम मात्र चुकता कामा नये. आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे संपर्क, घासून-पुसून फिलर गेजने त्यांतील फट नेमकी करावी, कारण फट बदलली की ठिणगीची वेळही आपोआप बदलते. टायमिंग आधी आणि पॉइंट नंतर ही उलटी तऱ्हा म्हणजे केलेल्या कामावर स्वतःच पाणी फिरवणे होय. नंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येईल असे इंजिन हाताने फिरवून, पुलीवरील खूण गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या, टायमिंग कव्हरवरच्या खुणेशी आणावी. एक 12 व्होल्टचा साधा दिवा डिस्ट्रिब्युटरची प्राथमिक तार आणि बॉडी यांच्यामध्ये जोडून इग्निशन चालू केले, की पॉइंट उघडताच दिवा पेटतो; तो नेमका त्या खुणेवर पेटावा. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवला तर अॅडव्हान्स वाढतो, त्याच दिशेने सरकवला तर घटतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, आणि म्हणून केसभर हालचालही पुरेशी ठरते.

पुस्तकातला आकडा हा आरंभबिंदू. तो ज्या इंधनासाठी लिहिला गेला, ते इंधन आता मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल भारतात 2000 साली बंद झाले, आणि आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते, जे नॉकिंगला विरोध करते, परंतु जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण किंचित पातळही करते. टॅक्सींनी सीएनजी घेतला तेव्हा हा पेच अधिक स्पष्ट झाला होता: वायू सावकाश जळतो, त्यामुळे त्याला जास्त अॅडव्हान्स लागतो, पण तीच गाडी पेट्रोलवर घेतली की खडखडे. म्हणून अखेरची तपासणी रस्त्यावरच होते. इंजिन गरम करून, टॉप गिअरमध्ये फ्लायओव्हरच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबावा. क्षणभर हलकी टिकटिक होऊन विरली तर चालेल, टिकून राहिली तर टायमिंग थोडे मागे घ्यावे. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मात्र टायमिंगला हात लावू नये, तो कार्ब्युरेटरचा प्रश्न आहे.

आणि क्लॅम्प सैल करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून इंजिन ब्लॉकपर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. गाडी चुकून सुरूच झाली नाही, तर निदान घरी परतता येते.