लोकरीची जत्रा खर्ड्यात का भरू नये?

‘देशी ऊन’ या लघुपटाला फ्रान्समधल्या अॅनसी अॅनिमेशन महोत्सवात जून 2025 मध्ये ज्युरी पुरस्कार मिळाला, तेव्हा कौतुक झालं ते दिग्दर्शक सुरेश एरियत यांचं आणि लोकरीतून घडवलेल्या त्यातल्या पात्रांचं. ते रास्तच होतं. पण ज्या दख्खनी मेंढीवर हा लघुपट आहे, ती जिथे चरते त्या जामखेड, कर्जत, पारनेर, सांगोल्याच्या माळावर लोकरीचं आज काय होतं, हा प्रश्न टाळ्यांत विरून गेला. उत्तर कोरडं आहे. कातरणाऱ्याच्या मजुरीइतकेही पैसे लोकरीतून सुटत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती कातरतात आणि फेकून देतात. मेंढीला उन्हाळ्यात त्रास नको, एवढ्यासाठीच कातरणी होते.

इकडे ही गत, आणि तिकडे लोकरीसाठी माणसं विमानाची तिकिटं काढतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मेंढ्यांची आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. तिथे मिरवायला म्हणून लोक महिनोन्‌महिने आधीपासून खास स्वेटर विणायला घेतात. मेरीलँडची अशीच जत्रा 1974 पासूनची. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर 2010 पासून सप्टेंबरअखेरीस लोकर-सप्ताह असतो. दरवर्षी त्याची एक टोपी ठरते, तिचा नमुना फुकट मिळतो, आणि जगभरातून आलेली मंडळी आपापल्या रंगांत विणलेली तीच टोपी घालून तिथल्या लर्विक गावाच्या रस्त्यांवर भेटतात. मेंढी कुठली, कुरण कुठलं, कातलं कुणी, हे विचारून लोकर घेणारं गिऱ्हाईक या जत्रांनी तयार केलं.

विणणाऱ्यांच्या मेळाव्यांत आणखी एक गोष्ट हमखास रंगते, उरलेल्या लोकरीची अदलाबदल. घरात पडून असलेले गुंडे आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि दुसऱ्याचे उचलायचे. आयुष्य संपेल पण साठवलेली लोकर संपणार नाही, असा तिकडच्या विणणाऱ्यांचा स्वतःवरच केलेला विनोद आहे. आपल्याकडे पलंगाखालच्या ट्रंकेत राणीरंगाचे अडीच गुंडे सांभाळणाऱ्या मावश्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

ही लोकर उरते कशी? विणणारी बाई उधळी असते म्हणून नव्हे. लोकर घाण्याघाण्याने रंगवली जाते, आणि दोन घाण्यांचा रंग कधीही तंतोतंत जुळत नाही. गुंड्याच्या कागदावर लॉट नंबर छापतात तो त्याचसाठी. डावी बाही विणून झाल्यावर लोकर संपली आणि दुकानात दुसऱ्या लॉटचा माल असला, तर उजवी बाही आयुष्यभर वेगळी दिसणार. म्हणून शहाणी बाई एक गुंडा जास्तीचा घेते. प्रत्येक स्वेटरमागे पाऊण-एक गुंडा उरतो आणि वर्षानुवर्षं साठत जातो.

महाराष्ट्रात विणकामाची हौस कमी नाही. बाळंतविड्यातली कुंची आणि मोजे, कानटोपी, क्रोशाचे रुमाल आणि तोरणं विणण्यात इथल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. 1962 च्या चीन युद्धात जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी स्वेटर विणले, त्यांत मराठी हात भरपूर होते. 2016 मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने चेन्नईत 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट मांडून गिनीज विक्रम केला. ठिकठिकाणी विणलेले चौकोन जोडून ते झालं आणि नंतर सुटं करून गरजूंना वाटलं गेलं. हौस, हात आणि एकत्र येण्याची तयारी, तिन्ही आपल्याकडे आहेत.

नाही ती मेंढी. आपल्या ट्रंकेतल्या बहुतेक गुंड्यांचा मेंढीशी काडीचा संबंध नसतो. तो अॅक्रिलिकचा धागा, म्हणजे खनिज तेलापासून निघालेला माल असतो. खात्री करायची तर वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि बोटांत चुरगळणारी राख होते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. अॅक्रिलिकला मी नावं ठेवणार नाही. ते स्वस्त आहे, धुतल्यावर आटत नाही आणि तान्ह्या बाळाला टोचत नाही.

टोचते का?

दख्खनी लोकर मात्र टोचते. इथे भाबडेपणा सोडलेला बरा. ‘आपल्या मेंढीच्या लोकरीचे स्वेटर विणा’ असं भाषण ठोकणाऱ्याने एकदा तरी तो स्वेटर उघड्या अंगावर घालून दाखवावा.

तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा असतो. 30 मायक्रॉनच्या पुढे गेला की तंतूचं टोक वाकत नाही, ते कातडीत रुततं आणि खाज सुटते. दख्खनी मेंढीचा सरासरी तंतू मेरिनोच्या दुपटीहूनही जाड भरतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच तंतूंच्या पोटात पोकळ नळी असते. तिच्यामुळे लोकर राठ होते आणि रंगही नीट धरत नाही. त्यातून मेंढी बहुतेक काळी, म्हणजे रंगवायचा प्रश्नच मिटला. एका मेंढीपासून वर्षाला दोन कातरण्या मिळून लोकर मिळते ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो.

हेच दोष घोंगडीत गुण होतात. राठ तंतू झिजत नाही, पावसाचं पाणी पटकन आत घेत नाही, आणि पोकळीतली हवा ऊब धरून ठेवते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर विणलेली घोंगडी धनगराच्या डोक्यावर पावसात खोळ होते, रात्री अंथरूण होते आणि जागरणात देवापुढची बैठक होते. पण गिऱ्हाईक गेलं. चिंध्यांपासून पुन्हा कातलेल्या धाग्याची स्वस्त ब्लँकेटं पानिपतहून आली आणि दख्खनच्या घोंगडीचा बाजार बसला. मराठी मुलखाला पानिपताने असं दुसऱ्यांदा गाठलं.

सरकारने आणि मेंढपाळानेही मग मांसाचा हिशेब धरला. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पोट त्यावरच चालतं. माडग्याळसारख्या थोराड, कमी लोकरीच्या मेंढ्यांशी संकर वाढला. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. राज्य सरकारच्या महामेष योजनेचा भर मेंढ्यांचे गट, चारा आणि निवारा यांवर आहे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. त्यांच्या पाठीवरचं पीक मात्र कुणाच्याच हिशेबात नाही.

लर्विकचा लोकरपारखी

शेटलंडची मेंढीही काही मेरिनो नव्हे. ती चिमुकली, वाऱ्यापावसात वाढलेली, आणि काळी, करडी, तपकिरी अशा नाना रंगांची. तिथल्या लोकरीची आज जत्रा भरते त्याचं श्रेय मी विणणाऱ्यांना नंतर देईन, आधी ऑलिव्हर हेन्री या गृहस्थांना देईन. लर्विकच्या ‘जेमिसन अँड स्मिथ’ या लोकरीच्या पेढीत ते 1967 मध्ये कामाला लागले. बेटांवरच्या शेकडो छोट्या शेतकऱ्यांची लोकर तिथे येते आणि हाताने निवडली जाते. हेन्री यांनी पाच दशकं हेच केलं. समोर लोकर पसरायची, बोटं फिरवायची आणि प्रत ठरवायची.

एकाच मेंढीच्या अंगावर तऱ्हातऱ्हेची लोकर असते, हे या कामाचं मर्म. मानेजवळची सर्वांत मऊ, तिच्यापासून अंगठीतून आरपार निघणाऱ्या तलम शाली होतात. खांद्या-कुशीची स्वेटरला जाते. मागच्या पायांवरची भरड लोकर गालिच्यांना. त्या बेटांवरची लोकर महागड्या गाद्यांतही भरली जाते. म्हणजे भरड मालही फुकट जात नाही, फक्त त्याने शालीच्या रांगेत उभं राहायचं नाही. रंगीत लोकरीला तिथेही एके काळी भाव नव्हता, कारण ती रंगवता येत नाही. हेन्री यांनी ती रंगवार वेगळी काढली आणि न रंगवताच तिचं सूत कातायचा आग्रह धरला. आज परदेशी पाहुणे तेच करडं-तपकिरी सूत मुद्दाम मागून घेतात.

म्हणजे जत्रा झाली आणि मग लोकरीला भाव आला, असं घडलेलं नाही. आधी प्रतवारी झाली, प्रत्येक प्रतीला योग्य काम मिळालं, आणि जत्रा त्यावर उभी राहिली. आपण मात्र सगळी लोकर एका पोत्यात कोंबतो आणि भाव येत नाही म्हणून व्यापाऱ्याला शिव्या घालतो.

आपल्याकडे पारख नव्हती असंही नाही. कोकराची पहिली कातरलेली लोकर, म्हणजे जावळ, धनगर वेगळी ठेवतात. जावळाची घोंगडी मऊ असते आणि तिला जास्त पैसे पडतात. काळी, पांढरी, करडी लोकर निवडून घोंगडीचे पट्टे घालायची रीत जुनीच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरच्या नावाने ओळखली जाणारी दख्खनीची एक उपजात पांढऱ्याकडे झुकणारी आहे, तिची लोकर रंगवता येते. हैदराबादच्या ‘अर्दन ट्यून्स’ या कंपनीने याच भरड लोकरीचे शेतकऱ्यांसाठी बूट केले. चिखला-पाण्यात राबणाऱ्या पायांना चालतील असे. लोकरीचा स्वभाव ओळखून तिला काम देणं म्हणतात ते हे.

मग खर्डाच का?

11 मार्च 1795 रोजी पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे निजामाविरुद्ध एका बाजूला उभे राहिले, ते जामखेड तालुक्यातल्या या गावाजवळ. मराठी फौजा इतक्या एकदिलाने पुन्हा कधी जमल्या नाहीत. हा अभिमान गावाने जपला आहे. किल्ल्याजवळ 2021 च्या दसऱ्याला 74 मीटर उंच भगवा ध्वजही उभा राहिला. त्याच तालुक्यात अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आहे. जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक मे 2025 मध्ये चौंडीला झाली, दर 31 मे रोजी जयंतीला गर्दी लोटते. मेंढी-शेळी विकास महामंडळही अहिल्यादेवींच्याच नावाचं. मुलूख मेंढरांचा, इतिहास मोठा, आणि सरकारचं येणंजाणं नेहमीचं. लोकरीच्या जत्रेला याहून वेगळी जागा शोधायची गरज नाही.

नुसता मंडप, गजीनृत्य आणि सेल्फीसाठी एक बांधलेली मेंढी, असा महोत्सव करायचा असेल तर न केलेला बरा. माझ्या मते जत्रेत तीन गोष्टी हव्यात. पहिली, प्रतवारीचा ओटा. धनगराने लोकर आणायची, जाणत्याने ती त्याच्यासमोर निवडायची, प्रतीनुसार दर फळ्यावर लिहायचा आणि पैसे तिथेच हातात द्यायचे. दुसरी, छोटं पिंजण-कताई यंत्र. चाती फिरवणाऱ्या म्हाताऱ्या थकल्या, त्यांच्या सुना ते काम फुकट का करतील? जावळाचं जाडसर सूत पिशव्या, आसनं, शर्टावर घालायची जाकिटं यांसाठी पुण्या-मुंबईच्या विणणाऱ्या नक्की घेतील. अंगाला लागून घालायचं काही नको, हे त्यांना आधीच सांगावं.

तिसरी, अदलाबदलीचं टेबल. शहरातल्या बायकांनी ट्रंका रिकाम्या करून उरलेले गुंडे आणावेत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना, गळ्याला जे रंगीत गोंडे बांधतात, त्यांना लॉट नंबर जुळायची गरज नसते. उरलेल्या अर्ध्या गुंड्यांसाठी त्याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? राणीरंगाचा गुंडा देऊन शहरातल्या बाईने काळ्या जावळाची लडी न्यावी. लडीचे वरचे पैसे मात्र तिने मोजून द्यावेत. एका बाजूला अडगळ आणि दुसऱ्या बाजूला घाम असेल, तर तो बरोबरीचा सौदा होत नाही.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. पुढाऱ्यांच्या सत्काराला खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी देण्याची पद्धत पडली आहे. प्रत्येक घोंगडीला एक चिठ्ठी लावा. लोकर कोणत्या गावच्या कळपाची, धनगराला किलोमागे काय मिळालं, कातणारीला आणि विणणाऱ्याला काय मिळालं, ते तिच्यावर लिहा आणि व्यासपीठावर वाचून दाखवा. आकडे सांगायची लाज वाटत असेल, तर सत्कार शालीवर उरकावा.