घरी रेकॉर्डिंग करायचंय? आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग लॅपटॉप घ्या!

"गाणं रेकॉर्ड करायला कोणता लॅपटॉप घेऊ?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं. कारण लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतच नाही, रीपर मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं.

🎙️ सॉफ्टवेअर: मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. विंडोजवर रीपर घ्या. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं आणि जुन्या मशीनवरही सुरळीत चालतं.

🎛️ प्लगइन: लॉजिक आणि गॅरेजबँडला एयू प्रकारचे प्लगइन लागतात, विंडोजवर बहुतेक ठिकाणी व्हीएसटी प्रकारचे. विकत घेण्याआधी हे तपासाच. ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब सॉफ्टवेअरसोबतच येतात. आधी त्यांवर हात बसवा.

💻 कॉम्प्युटर: १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच. मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरणार असाल तर ३२ जीबी घ्या. पंखा शांत असलेलं मशीन निवडा, नाहीतर तानपुऱ्यामागे त्याची घरघर ऐकू येते.

⏱️ बफर: गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो? ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर एकट्यानेच सुमारे २१ मिलिसेकंद खातो. १२८ चा जेमतेम २.७. म्हणून रेकॉर्डिंगला बफर कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका.

पैसे उरले तर नव्या प्लगइनपेक्षा चांगला माइक आणि खोलीला जाड पडदे घ्या. फरक पहिल्याच टेकमध्ये कळेल.

#घरचा_स्टुडिओ #रेकॉर्डिंग